आधी ब्लॉक, मग केमो

केंद्रीय अर्थसंकल्पाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र उघडेल. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाकेअर’च्या माध्यमातून त्रिस्तरीय कर्करोग सेवेला मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात जीएसटी परिषदेने ३३ जीवरक्षक औषधांवरचा कर शून्यावर आणला. कोकणासाठी या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. आरे-वारेच्या रुग्णाने दर आवर्तनाला रात्रीची गाडी धरून मुंबईत परळचे कर्करोग रुग्णालय गाठायचे आणि घरी पोचेपर्यंत पेशी उतरल्या की पुन्हा निघायचे, हे थांबलेच पाहिजे. पण केमो जिल्ह्यात येत असताना ती कोणाला द्यायची आणि कोणाला मुळीच द्यायची नाही, हे ठरवणारा पुरावा आपल्या हाती नाही. वाचकांच्या पत्रांतली तक्रार नेमकी हीच आहे. रुग्णाच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म असतात, डिस्चार्ज कार्ड असते, रंगवलेल्या दोन स्लाइड असतात. गाठीच्या ऊतीचा पॅराफिन ब्लॉक नसतो. मज्जारज्जूच्या गाठींत या उणिवेची किंमत सर्वांत जड आहे, म्हणून या महिन्याचे संपादकीय तेवढ्यापुरतेच.

डब्ल्यूएचओचे २०२१ चे वर्गीकरण येऊन काही वर्षे झाली, तरी ‘इंट्रामेड्युलरी ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड दोन’ एवढ्यावर संपणारे अहवाल अजून येत आहेत. एच३ के२७ बदल असलेला डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा सूक्ष्मदर्शकाखाली कितीही सौम्य दिसला तरी तो ग्रेड चारच असतो, आणि मज्जारज्जू ही त्याची ओळखीची जागा आहे. एपेंडायमोमातही एमवायसीएन जनुकाची संख्या वाढलेला स्पायनल प्रकार आता स्वतंत्र मानला जातो. तो लवकर मज्जाद्रवातून पसरतो, तर नेहमीच्या स्पायनल एपेंडायमोमात गाठ पूर्ण काढणे हाच खरा उपचार असून केमोला जवळपास जागा नाही. अहवालात दोघांना ‘एपेंडायमोमा’ एवढेच नाव मिळाले, तर एकाला नको असलेले औषध मिळते आणि दुसऱ्याचा पूर्ण मणक्याचा एमआरआय राहून जातो. टेमोझोलोमाइडचेही तसेच. हेगी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या २०६ रुग्णांचे एमजीएमटी जनुकाचे मिथिलेशन तपासले. मिथिलेशन असलेल्यांत रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड मिळाल्यावर मध्यक आयुर्मान २१.७ महिने झाले, नुसत्या रेडिएशनवर ते १५.३ होते. मिथिलेशन नसलेल्यांत हेच आकडे १२.७ आणि ११.८. एच३ के२७ बदल असलेल्या मिडलाइन गाठींत हे मिथिलेशन क्वचितच सापडते. तरीही ‘हाय ग्रेड ग्लायोमा’ दिसला की दर २८ दिवसांत पाच दिवस गोळ्या लिहून देण्याची सवय सुटत नाही.

मार्कर न पाहता दिलेले औषध निरुपयोगी ठरते, एवढ्यावर हे भागत नाही. ते घातकही ठरू शकते. बीआरएएफ घ्या. मज्जारज्जूच्या गँग्लिओग्लायोमात व्ही६००ई उत्परिवर्तन मिळू शकते, तर पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमात बहुधा केआयएए१५४९ आणि बीआरएएफ यांचे फ्यूजन असते. व्ही६००ई असलेल्या मुलांच्या लो-ग्रेड ग्लायोमात डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब यांच्या जोडीने ४७ टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला, कार्बोप्लॅटिन-विनक्रिस्टिनने ११ टक्क्यांत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी आता पाठ्यपुस्तकात जाण्याच्या लायकीची आहे. पण डॅब्राफेनिबसारखा पहिल्या पिढीचा बीआरएएफ रोधक फ्यूजनवाल्या गाठीत एकटा दिला, तर संदेशमार्ग बंद होण्याऐवजी पेटतो. २०१४ मध्ये मुलांच्या लो-ग्रेड ॲस्ट्रोसायटोमात सोराफेनिब वापरून पाहिलेला अभ्यास ११ पैकी ९ रुग्णांची गाठ वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. सोराफेनिब आपल्याकडे २०१२ च्या सक्तीच्या परवान्यापासून स्वस्त आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. जनुक एकच, बदल वेगळा, परिणाम उलटा. हा फरक एमआरआय दाखवत नाही आणि हेमॅटॉक्सिलिन-इओसिनही खात्रीने दाखवत नाही.

आता ब्लॉकचा प्रवास पाहू. आरे-वारेतल्या रुग्णाच्या पायांना मुंग्या येतात, मग लघवी अडते. रत्नागिरीत एमआरआय होतो, शस्त्रक्रिया कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईत होते. सर्जन काही मिलिमीटरचा तुकडा काढतो. मज्जारज्जूतून याहून जास्त मागणे अन्यायाचे आहे. तो तुकडा केस संपेपर्यंत सलाइनच्या गॉजवर पडून राहतो, नंतर बाटलीत जातो. बाटलीत काय आहे, हे थिएटरमध्ये बहुधा कोणालाच सांगता येत नाही. नळाच्या पाण्यात मिसळलेले, महिनोन्‌महिने उघडझाक झालेले फॉर्मेलिन आम्लधर्मी होते, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि डीएनएचे तुकडे होतात. शुक्रवारी दुपारी पाठवलेला नमुना लॅबमध्ये सोमवारी उघडला जातो. लॅब त्यावर जीएफएपी, एस-१००, ईएमए, केआय-६७ असे नेहमीचे डाग करते, प्रत्येक डागासाठी ब्लॉक पुन्हा ट्रिम होतो आणि पाव ऊती नुसत्या ट्रिमिंगमध्ये जाते. अहवाल कुरिअरने येतो, ब्लॉक लॅबच्या कपाटात राहतो. दोन महिन्यांनी जिल्ह्यातला ऑन्कॉलॉजिस्ट एच३ आणि बीआरएएफ मागतो, तेव्हा लॅब सर्जनचे पत्र मागते, सर्जनचे रुग्णालय रुग्णाची सही मागते आणि रुग्णाने स्वतः यावे असे सांगते. रुग्ण तोवर खाटेला खिळलेला असतो, कॅथेटर लावलेला. मग एखादा नातेवाईक दोन दिवसांची मजुरी बुडवून जातो, मिळालेला ब्लॉक संदर्भ लॅबकडे पोचवतो आणि तिथून उत्तर येते, ‘ऊती अपुरी’. एवढ्या धावपळीत कोणीही नियम मोडलेला नसतो, हेच सर्वांत संतापजनक आहे.

योजनेची रचनाही याच दिशेने ढकलते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत गेले आहे आणि त्याबद्दल सरकारचे ऋण मान्य करायलाच हवे. पण केमोची पॅकेजे औषध आणि आवर्तन यांभोवती बांधलेली आहेत. पूर्वमंजुरीसाठी हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल पुरतो, त्यात मार्कर आहे की नाही हे कोणी विचारत नाही, आणि मार्करचा खर्च व्यवहारात रुग्णाच्या खिशातून जातो. सहा आवर्तने सरकारच्या पैशाने मिळतात, ती द्यावीत का हे सांगणारा एक इम्युनो डाग मिळत नाही. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने ४० औषधांची एकत्रित खरेदी करून ८० टक्क्यांहून अधिक पैसे वाचवले. ज्या ग्रिडला औषधांचे भाव पाडता आले, तिला चाचण्यांचे का पाडता येऊ नयेत? जिल्ह्याचे नमुने एकत्र करून ठरलेल्या दराने ठरलेल्या संदर्भ लॅबला पाठवणे हे डे-केअर केंद्राच्या मंजुरीचा भाग असले पाहिजे, नंतर कधीतरी जोडायचे परिशिष्ट नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मज्जारज्जूच्या गाठी दुर्मीळ, जिल्ह्याने त्यासाठी यंत्रणा का उभारावी? मज्जासंस्थेच्या प्राथमिक गाठींत त्यांचा वाटा काही टक्क्यांचाच आहे, हे खरे. पण मणक्यात उतरलेला स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग दुर्मीळ नाही, आणि ईआर, हर-टू, ईजीएफआर पाहायलाही हेच फॉर्मेलिन, हाच ब्लॉक लागतो. स्तनाच्या नमुन्यासाठी फिक्सेशन ६ ते ७२ तासांत बसवण्याची शिस्त जगभर मान्य आहे, आणि मणक्याचे हाड नायट्रिक आम्लाऐवजी ईडीटीएत मऊ केले तर डीएनए टिकतो. एक शिस्त बसली की सगळ्यांचीच सोय होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: औषध परवडणार नसेल तर मार्कर कळून काय उपयोग? उपयोग आहे. काय देऊ नये हे कळणे हीही उपचाराची माहिती आहे. एच३ बदल कळला तर रेडिएशन, वेदनाशमन आणि कुटुंबाशी खरे बोलणे वेळेत होते. शेवटचे महिने रक्त चढवण्यात जात नाहीत. तरुण रुग्णात तर एएफपी आणि बीटा-एचसीजी या साध्या तपासण्यांनीही जर्म सेल गाठीचा सुगावा लागू शकतो. तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो मान्य करावा लागतो. वर दिलेले बहुतेक आकडे मेंदूच्या गाठींचे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एच३ के२७एम ग्लायोमासाठी डॉर्डाव्हिप्रोनला त्वरित मान्यता दिली. तो निर्णय ५० रुग्णांवर आणि २२ टक्के प्रतिसादावर आधारलेला होता, आणि त्या ५० जणांत मज्जारज्जूत सुरू झालेल्या गाठीचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. मज्जारज्जूचा पुरावा तोकडा आहे, कारण रुग्ण थोडे आहेत आणि त्यांतल्या अनेकांची ऊती आपण गमावतो. ही त्रुटी भरून निघायची असेल तर कोकणातला एकही ब्लॉक वाया जाता कामा नये.

संचालनालयाला आणि योजनेच्या कार्यालयाला लिहायचे ते आम्ही लिहूच. पण पत्रांची उत्तरे येईपर्यंत थांबायला आपल्यापैकी कोणालाच कारण नाही. न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन करायला ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम लागते. एवढे रत्नागिरीत मिळते आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. सर्जन मित्रांनो, बाटली रुंद तोंडाची घ्या, द्रव ऊतीच्या किमान दहापट ठेवा, तुकडा कधी काढला ती वेळ लेबलवर लिहा आणि मागणीपत्रात ‘मिडलाइन गाठ’ हे शब्द घाला. पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, ब्लॉक एकदाच ट्रिम करा आणि पहिल्याच फेरीत चार्ज्ड स्लाइडवर न रंगवलेले छेद काढून ठेवा. एच३ के२७एम, एच३ के२७एमई३ आणि बीआरएएफ व्हीई१ यांचा क्रम केआय-६७च्या आधी लावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांनो, रुग्णाला डिस्चार्ज देताना ब्लॉक क्रमांक कार्डावर लिहून घ्या. आणि एखादी लॅब ब्लॉक देत नसेल तर तिच्याकडून नकार लेखी मागा, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, दुसरी आमच्याकडे पाठवा.