विश्लेषण : ‘जगातील सर्वोत्तम व्हिस्की’ ठरवते कोण? कशाच्या आधारे?

भारतीय सिंगल माल्टना परदेशी स्पर्धांत पदके मिळाल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. दुसरीकडे, भारत-ब्रिटन व्यापार करारानुसार स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. त्यामुळे दुकानाच्या फळीवर देशी माल्ट आणि स्कॉच पूर्वीपेक्षा जवळच्या किमतीत शेजारी येतील. अशा वेळी बाटलीवरचे पदक आणि ‘९७ गुण’ हा आकडा नेमके काय सांगतो?

‘सर्वोत्तम’ म्हणजे कशात सर्वोत्तम?

हरियाणाच्या कर्नाल जिल्ह्यातील इंद्री येथे पिकॅडिली अ‍ॅग्रो कंपनीची आसवनी आहे. तेथील ‘इंद्री दिवाळी कलेक्टर्स एडिशन २०२३’ या व्हिस्कीला अमेरिकेतील ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत ‘डबल गोल्ड, बेस्ट इन शो’ हा किताब मिळाला. भारतात मथळे झाले : ‘जगातील सर्वोत्तम व्हिस्की भारताची’. ‘बेस्ट इन शो’ याचा अर्थ मात्र त्या वर्षी त्या स्पर्धेत दाखल झालेल्या नमुन्यांत अव्वल, एवढाच. ज्या कंपन्यांनी नमुनाच पाठवला नाही, त्या हरल्या असे होत नाही. अशा डझनावारी स्पर्धा दरवर्षी भरतात आणि जवळपास प्रत्येकीची ‘सर्वोत्तम’ निराळी असते. इंद्रीचे यश यामुळे खोटे ठरत नाही. परीक्षकांपुढे नाव झाकून ठेवलेल्या पेल्यांतून ती निवडली गेली. पण ‘स्पर्धेत पहिली’ आणि ‘जगात पहिली’ यांतले अंतर मथळ्यात गळून पडले.

भारतात या मथळ्यांना जास्तच वजन येते, कारण येथे मद्याची उघड जाहिरात करता येत नाही. सोडा, पाणी किंवा संगीताच्या आडून नाव झळकवावे लागते. पुरस्काराची बातमी मात्र बातमी म्हणून छापून येते. कंपन्यांना हे नीट ठाऊक आहे.

चव घेण्याची पद्धत काय?

परीक्षणासाठी ट्युलिपच्या फुलासारखा, तोंडाशी निमुळता पेला वापरतात. त्यात वास कोंडून राहतो आणि नाकापर्यंत एकवटून येतो. व्हिस्कीचे परीक्षण मुख्यतः नाकानेच होते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. व्हॅनिला, सुके अंजीर, लवंग, धूर हे सगळे घ्राणेंद्रियाचे काम. स्कॉटलंडमधील ब्लेंडर मंडळी नमुना पाणी घालून सुमारे २० टक्के मद्यांशावर आणतात आणि बहुतेक वेळा फक्त हुंगून निकाल देतात. दिवसाला शंभर नमुने तपासायचे तर घोट घेऊन चालतही नाही.

थोडे पाणी घातल्याने वास खुलतो हा जुना अनुभव आहे. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे त्याचे एक स्पष्टीकरण दिले. धुरकट वासाला कारणीभूत असणारे ग्वायकॉल हे द्रव्य मद्यांश जास्त असताना द्रवात खोलवर पसरलेले असते. पाणी वाढले की ते पृष्ठभागाकडे सरकते. ‘व्हिस्कीत पाणी घालणे म्हणजे तिचा अपमान’ ही बैठकीतली समजूत त्यामुळे टिकत नाही. रंगावर भाळण्याचेही कारण नाही. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग मिसळण्यास कायद्याने मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असे समीकरण नाही.

गुणांची विभागणी ठिकठिकाणी वेगळी आहे. ‘व्हिस्की बायबल’चे लेखक जिम मरे वास, चव, घोटानंतर रेंगाळणारा परिणाम आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण देतात. लंडनच्या ‘इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट’ स्पर्धेत परीक्षकांचे मंडळ असते. तेथे ९५ गुणांपासून सुवर्ण, ९० पासून रौप्य आणि ८५ पासून कांस्यपदक. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत मंडळातील सर्व परीक्षकांनी सुवर्ण दिले तर ते ‘डबल गोल्ड’ होते. म्हणजे एका ठिकाणचे ९३ आणि दुसऱ्या ठिकाणचे ९३ यांची तुलना दोन वेगळ्या बोर्डांच्या टक्केवारीसारखीच फसवी.

सगळ्या प्रकारांना एकच फूटपट्टी लावता येते?

येत नाही. म्हणूनच चांगल्या स्पर्धांत नमुने प्रकारानुसार वेगळे करतात. परीक्षकाला प्रकार सांगितला जातो, नाव नाही.

स्कॉच सिंगल माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच आसवनीत, तांब्याच्या भट्टीत गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली. पिंपे बहुधा आधी वापरलेली, त्यामुळे लाकडाचा ठसा मवाळ आणि मुरण्याचा वेग संथ. आयला बेटावरच्या अनेक आसवन्यांत बार्ली वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेल्या वनस्पतींच्या मातीचा धूर देतात. त्यातून येणारा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला दवाखान्याची किंवा विझलेल्या शेकोटीची आठवण करून देतो. कोणाला तो असह्य होतो, कोणी त्यासाठीच जादा पैसे मोजतो.

अमेरिकेच्या बर्बनचे गणित उलटे आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळून कोळसवलेल्या कोऱ्या ओक पिंपातच ठेवली पाहिजे. कोरे लाकूड भरभरून व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव देते, म्हणून चार-सहा वर्षांची बर्बन पूर्ण वाटते. त्याच वयाची स्कॉच अनेकदा कोवळी लागते. राय व्हिस्कीत ५१ टक्के राय धान्य, त्यामुळे मिरमिरीत तिखटपणा. आयर्लंडच्या ‘पॉट स्टिल’ व्हिस्कीत मोड आणलेली आणि न आणलेली अशी दोन्ही बार्ली असते, तिचा पोत साईसारखा. आता आयलाची धुरकट माल्ट अपेक्षिणाऱ्याने बर्बनला गुण दिले तर ते किती पडतील? तिला तिच्या जातीच्या निकषांवरच जोखावे लागते. वेगवेगळ्या वर्गांतील विजेत्या एकमेकींसमोर आणून ‘सर्वोत्तम’ निवडण्याची अंतिम फेरी हा स्पर्धेचा सर्वांत चर्चेतला आणि त्याच वेळी सर्वांत डळमळीत भाग असतो.

परीक्षकांवर विश्वास किती ठेवावा?

व्हिस्कीचा थेट नव्हे, पण वाइनचा एक अभ्यास येथे उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन यांनी तेथील राज्य मेळाव्याच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेमतेम १० टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा साधारण एकच दर्जा दिला. बाकीच्यांचे गुण वरखाली झाले. हे परीक्षक हौशी नव्हते, या व्यवसायातले होते. व्हिस्कीत मद्यांश तिपटीच्या आसपास, म्हणजे जीभ आणि नाक थकणे आणखी लवकर. यावर उपाय म्हणजे मंडळ मोठे ठेवणे, धुरकट नमुने शेवटी ठेवणे आणि नाव झाकणे. चूक त्याने कमी होते, शून्य होत नाही.

पदकांचे अर्थकारणही लक्षात घ्यावे लागते. नमुना दाखल करायला शुल्क असते, विजेत्याला पदकाचे चिन्ह बाटलीवर छापण्याचा हक्क हवा असतो आणि अनेक स्पर्धांत भाग घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना काही ना काही मिळतेच. कांस्यपदक हे गौरवापेक्षा हजेरीचे प्रमाणपत्र ठरते. दुसऱ्या टोकाला मरे यांच्यासारखे एकट्याचे मत. त्यात सातत्य असते, पण ती एकाच माणसाची जीभ असते. त्यांच्या पुस्तकातील वर्णनांत स्त्रियांविषयी आक्षेपार्ह भाषा असल्याची टीका २०२० मध्ये झाली आणि काही विक्रेत्यांनी पुस्तक ठेवणे थांबवले. त्याच वेळी बाजारात आलेल्या २०२१ च्या आवृत्तीत गोव्याच्या ‘पॉल जॉन मिथुना’ला जगात तिसरे स्थान होते. कंपनीने ते अर्थातच मिरवले.

मग या गुणांनी फरक तरी काय पडतो?

बाजारात फार मोठा. मरे यांनी २०१५ च्या आवृत्तीत जपानच्या ‘यामाझाकी शेरी कास्क २०१३’ला ९७.५ गुण देऊन अव्वल ठरवले आणि जपानी व्हिस्कीवर जगभरातून उड्या पडल्या. मुरलेली व्हिस्की मागणी आली म्हणून तयार करता येत नाही. बारा वर्षांपूर्वी पिंपात किती भरली होती, तेवढीच हाती असते. सनटोरी कंपनीला २०१८ मध्ये ‘हाकुशू १२’ आणि ‘हिबिकी १७’ यांची विक्री थांबवावी लागली. तुटवड्यात आयात व्हिस्कीवर जपानी लेबल लावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा तेथील उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये ‘जपानी व्हिस्की’ची स्वतःची व्याख्या केली.

भारताची गोष्ट थोडी आधी सुरू होते. बेंगळूरुच्या अमृत डिस्टिलरीजने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये बाजारात आणली ती बेंगळूरुत नव्हे, ग्लासगोत. जगदाळे कुटुंबाच्या या कंपनीचा हिशेब सरळ होता : भारतीय ग्राहक देशी व्हिस्कीला स्कॉचच्या किमतीत हात लावणार नाही, जोवर स्कॉटलंड तिला मान देत नाही. सुरुवातीची वर्षे कठीण गेली. मग मरे यांच्या २०१० च्या आवृत्तीत भारतीय आणि पीटचा धूर दिलेली स्कॉटिश बार्ली वापरून केलेल्या ‘अमृत फ्यूजन’ला ९७ गुण आणि जगात तिसरे स्थान मिळाले. पुढे पॉल जॉन, रामपूर, इंद्री आल्या त्या याच वाटेने. एका माणसाच्या मताने एवढे दार उघडले, हे परीक्षणाच्या शास्त्रीयतेचे प्रशस्तिपत्र नव्हे. पण दार उघडल्यावर आत टिकून राहायला माल चांगला असावा लागतो, आणि तो होता.

भारतात ‘व्हिस्की’ कशाला म्हणतात?

खरा पेच येथे आहे. जगात सर्वाधिक व्हिस्की भारतात खपते, पण त्यातील मोठा भाग मळीपासून बनवलेल्या मद्यार्कात थोडे माल्ट किंवा स्कॉच मिसळून तयार होतो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते. तेथे ही बाटली ‘व्हिस्की’ म्हणून विकता येत नाही. पदके मिळवणाऱ्या सिंगल माल्ट या बार्लीच्या आणि जागतिक व्याख्येत बसणाऱ्या, पण एकूण खपात त्यांचा वाटा नगण्य आहे. ‘भारतीय व्हिस्कीचा जगात डंका’ म्हणताना या दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली येतात.

दुसरा वाद वयाचा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बेंगळूरुत हे प्रमाण १० ते १२ टक्के सांगितले जाते. उष्णतेमुळे लाकडाचा अर्कही वेगाने उतरतो. त्यामुळे बारा वर्षे ठेवायचे म्हटले तर पिंपात फारसे काही उरणार नाही, आणि भारतीय माल्टच्या बाटलीवर वयाचा आकडा सहसा दिसत नाही. तीन वर्षांची अट थंड हवेच्या देशांसाठी योग्य असली तरी भारतावर लादू नये, अशी देशी उत्पादकांच्या संघटनेची जुनी मागणी आहे. स्कॉच उत्पादकांना ती मान्य नाही. झाकलेल्या पेल्यांतील परीक्षणात वयाचा आकडा गौण ठरतो, म्हणून भारतीय कंपन्यांना पदकांची गरज इतरांपेक्षा अधिक.

शुल्क उतरल्यावर काय होईल?

२४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या करारानुसार ब्रिटिश व्हिस्कीवरील शुल्क अमलबजावणीबरोबर ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्के होईल. हजार रुपये आयात मूल्याची बाटली १५० टक्के शुल्कासह अडीच हजारांना पडते. ७५ टक्क्यांना ती १,७५० आणि ४० टक्क्यांना १,४०० रुपयांवर येईल. हा राज्यांचा कर लागण्याआधीचा हिशेब. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले, तेव्हा किमती एकदम उतरल्या होत्या. उलट जून २०२५ मध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरील शुल्काचा गुणक तीनवरून साडेचारवर नेला आणि केवळ राज्यातील उत्पादकांसाठी धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार आणला. तिजोरीत १४ हजार कोटींची भर हे त्याचे उद्दिष्ट. केंद्राने सोडलेला पैसा ग्राहकाच्या खिशात जाईल की राज्याच्या, हे मंत्रालयात ठरेल.

भारतात येणाऱ्या स्कॉचचा बराच भाग बाटलीतून नव्हे, घाऊक येतो आणि येथे देशी व्हिस्कीत मिसळला जातो. शुल्क कपातीचा पहिला फायदा अशा मिश्रणांच्या उत्पादकांना होईल. फटका बसू शकतो तो दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यातील भारतीय सिंगल माल्टना, कारण त्याच किमतीत आता बारा वर्षांचा आकडा मिरवणारी स्कॉच असेल. त्यांच्या लेबलवर तो आकडा नाही. आहे ते पदक.