लोप आणि नाश

घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास मोठ्या आंतड्याचा कर्करोग झाल्याचें निदान झालें, कीं उपचाराच्या चिंतेमागोमाग दुसरी एक चिंता घरांत शिरते. हा रोग वंशांतून आला काय? मुलांबाळांस पुढें जाणार काय? येथील तुकडोजी कर्करोग रुग्णालयांत किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत रुग्णाबरोबर येणाऱ्या आप्तांच्या मनांत हा प्रश्न असतोच. घरांत मुलीची सोयरीक ठरावयाची असेल, तर तो कोणी बोलूनहि दाखवीत नाहीं. वास्तविक या प्रश्नाचें उत्तर आज बऱ्याच अंशीं देतां येतें, आणि तें समजण्यास आपलें व्याकरण उपयोगी पडतें.

लोपाची व्याख्या करतांना पाणिनीनें नाशाचा उल्लेख केला नाहीं. दिसेनासें होणें, यासच त्यानें लोप म्हटलें. पेशींतहि हा भेद आहे. आपल्या पेशींत डीएनए नांवाचा सुमारें तीनशें कोटी अक्षरांचा ग्रंथ असतो. अक्षरें चारच. त्यांपैकीं सायटोसीन या अक्षरास एक कार्बन व तीन हायड्रोजन परमाणूंचा पुंजका चिकटूं शकतो. त्यास मिथिल म्हणतात. अक्षराचा पाय मोडला, तरी अक्षर तेंच राहतें, फक्त त्यांतील स्वर उच्चारला जात नाहीं; मिथिलाची खूण तशीच समजावी. जनुकाच्या आरंभीं अशा खुणा दाटल्या, कीं तें जनुक वाचलेंच जात नाहीं. हें मौन एरव्हीं हितकरच असतें, कारण डोळ्याच्या कामाचीं जनुकें आंतड्यांत बोलूं लागलीं तर कसें चालेल? भलतेंच जनुक मुकें झालें, म्हणजे मात्र अनर्थ होतो.

एमएलएच-१ हें असें एक जनुक. पेशी दुभंगतांना ग्रंथाची नक्कल होते. तींतील चुका सुधारणाऱ्यांपैकीं हें एक असून त्याचा शोध १९९४ सालीं लागला. तें बंद पडलें कीं अशुद्धें सांचत जातात व त्यांतून कर्करोग उद्भवूं शकतो. मोठ्या आंतड्याच्या शंभर कर्करोगांपैकीं सुमारें पंधरांत ही शुद्धिव्यवस्था बिघडलेली असते. परंतु १९९७ च्या सुमारास असें दिसून आलें, कीं त्यांपैकीं बहुतेकांत जनुकाचीं अक्षरें शुद्धच असून केवळ मिथिलाच्या खुणांनीं तें मूक झालेलें असतें. म्हणजे हा लोप होय, नाश नव्हे.

म्हणून गांठीच्या तुकड्यांत एमएलएच-१ चें प्रथिन आढळलें नाहीं, तर या खुणा आहेत कीं नाहींत हें पाहावें लागतें. खुणा आढळल्यास हा लोप बहुधा त्या गांठीपुरताच, उतारवयांत घडलेला असतो. तो मुलांकडे जात नाहीं. खुणा नसल्यास मूळ अक्षरांतच जन्मजात दोष असण्याचा संभव असतो. अमेरिकन वैद्य हेन्री लिंच यांचें नांव त्यास मिळालें आहे. मग रक्ताची जनुकीय तपासणी करावी, कारण असा दोष प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा असतो. तरीहि हताश होण्याचें कारण नाहीं. दोष असलेल्यांनीं तरुणपणापासून दर एक-दोन वर्षांनीं दुर्बिणीनें आंतडें तपासून घेतल्यास पुष्कळशा गांठी कर्करोग होण्यापूर्वींच काढून टाकतां येतात. शिवाय दोन्ही प्रकारच्या रोगांत प्रतिकारशक्तीस मोकळीक देणारीं नवीं औषधें बऱ्याच रुग्णांस गुण देतात.

तेव्हां वाचकांस विनंति एवढीच, कीं घराण्यास दोष देण्यापूर्वीं किंवा गोष्ट झांकून ठेवण्यापूर्वीं डॉक्टरांस स्पष्ट विचारावें: एमएलएच-१ चें प्रथिन पाहिलें काय? नसल्यास मिथिलाची तपासणी झाली काय? ते कागद जपून ठेवावे आणि मुलांस समजावून सांगावे. उत्तर कोणतेंहि आलें, तरी तें मुलांच्या उपयोगाचेंच आहे.