वाघ दिसला, अरण्य पाहिले काय?

सुट्ट्या लागल्या की चंद्रपूरकडे निघालेल्या गाड्यांतून एक नवे सामान हमखास दिसते : हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे. छंद उत्तम आहे. ज्या कुटुंबांची सहल पूर्वी महाबळेश्वर-माथेरानपुढे जात नसे, ती आज ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी पहाटेच्या काळोखात उभी असतात, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र परतताना त्यांना विचारावे, काय पाहिले? उत्तरे दोनच : ‘दिसला’ किंवा ‘नाही दिसला’. कोण, हे सांगण्याचीही गरज कुणाला वाटत नाही!

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी विदर्भातीलच एका जंगलात, ऐन एप्रिलमध्ये, वाघीण रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. बांबूची फांदी आड येत होती. मी मार्गदर्शकाला म्हटले, “गाडी जरा पुढे घ्यायला सांगा.” जवळच्याच गावचा तो तरुण नम्रपणे म्हणाला, “साहेब, तिला पलीकडं जायचं आहे. आपण वाट अडवली तर ती परत फिरेल.” मी आग्रह सोडला नाही. गाडी थोडी सरकली आणि वाघीण परत फिरली. पलीकडे पाणवठा होता, हे मला मागाहून कळले. त्या पाठमोऱ्या वाघिणीचे छायाचित्र आजही माझ्याजवळ आहे. ते भिंतीवर लावण्याचे धैर्य मात्र झालेले नाही.

हा एकट्यादुकट्याचा दोष असता तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांत अडकून पडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. प्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखावे, त्यांना घेरू नये, हे नियम २०१२ पासूनच आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनात भ्रमणध्वनीच्या वापरासही मनाई करण्याचे निर्देश दिले. कायदा आपले काम करतो. परंतु नियम मोडला की कारवाई होते ती प्रामुख्याने चालकावर आणि मार्गदर्शकावर. त्यांच्या मागे बसून ‘अजून थोडे पुढे’ म्हणणारा आवाज आपला असतो. वाघ दिसला तर बक्षिसी, न दिसला तर कपाळावर आठी, हा आपला रिवाज त्या गरीब माणसाला नियम मोडायला लावतो.

मुळात या कलेचा जन्म संयमातून झाला आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी जंगलाच्या वाटेवर तार बांधून ठेवली. तिला पाय लागताच वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढी. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे त्या छायाचित्रांनी स्पष्ट दाखवले. आजची व्याघ्रगणनाही याच तत्त्वावर चालते. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि जवळजवळ साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघाची किती? ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांमागे एक! उरलेले सारे अरण्य होते. आपण मात्र त्या एकासाठी बाकीच्या साडेचारशेंकडे पाठ फिरवतो.

आणि ते ‘बाकीचे’ काय असते? तलावावरचे पहाटेचे धुके, काठावर पसरलेली मगर, गळलेल्या मोहफुलांवर तुटून पडलेली चितळे, मोराच्या पहिल्या हाकेने जागे होणारे बांबूचे बन. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. ज्या तारू देवावरून त्याला नाव मिळाले, त्याचे ठाणे तलावाकाठी आहे आणि गोंड बांधवांची त्यावर श्रद्धा आहे. नवेगाव, जामणी ही गावे इथून उठून गेली. त्यांच्या शेतांवर आज गवत डोलते आणि त्या गवतात चितळांचे कळप चरतात. ते कुरण नुसती ‘पार्श्वभूमी’ नव्हे. वाघाला जागा मिळावी म्हणून कुणीतरी आपल्या घराचा उंबरठा सोडला, त्याचे ते चित्र आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून निघालेले छायाचित्र वेगळेच असते.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या वेळी गाडीत बसताच मार्गदर्शकाला सांगावे, “वाघ नाही दिसला तरी चालेल; तुमचे जंगल दाखवा.” पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. मुलांना झाडांची नावे विचारू द्यावीत. आणि परतताना, वाघ दिसो वा न दिसो, त्याच्या हातावर बक्षिसी मात्र तेवढीच ठेवावी. कदाचित त्यामुळे एखाद्या वाघिणीला पाण्यापर्यंतची वाट मोकळी मिळेल.