रिकाम्या बॅटरीचा धनी कोण?

ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये एक शिस्त रूढ झालेली आहे. ज्या उपकरणात सुटे सेल घालावे लागतात ते बाळगणारा माणूस सेलांच्या जोड्या लावतो, प्रत्येक जोडीवर खूण करतो, भरलेले सेल डबीत एका दिशेने तोंड करून ठेवतो आणि उतरलेले उलट्या दिशेने. हा निव्वळ छांदिष्टपणा नव्हे. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा हा लिथियम-आयन सेल पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि उतरला तरी तीन व्होल्टच्या आसपास दाब त्याच्या अंगी शिल्लकच असतो. भरलेला आणि उतरलेला असे दोन सेल चुकून एकसर जोडणीत आले, तर बळकट सेल दुबळ्याला त्याच्या मर्यादेखाली ओढून नेतो. दुबळा तापतो आणि प्रसंगी पेटतो. सुटा सेल खिशातल्या किल्ल्यांना वा नाण्यांना लागला तरी परिणाम तोच. कोणता सेल भरलेला आणि कोणता उतरलेला याची नोंद ठेवणे ही म्हणून सोयीची नव्हे, तर सुरक्षिततेची बाब आहे.

परंतु ही नोंद ठेवतो कोण? केवळ गिऱ्हाईक. सेल बनविणाऱ्या बड्या कंपन्या ‘हा सेल सुटा वापरू नये’ अशी ताकीद देतात आणि मोकळ्या होतात. उपकरण बनविणारा त्याच सेलासाठी खाचा पाडून ठेवतो आणि तोही मोकळा होतो. दोघांच्याही विक्रीत त्यामुळे तसूभर घट होत नाही. नफा वर राहतो आणि जोखीम खाली उतरते, हा भांडवली बाजाराचा जुनाच नियम येथे एका बोटाएवढ्या वस्तूत पाहावयास मिळतो.

पुढे उद्योगाला गिऱ्हाइकाची कणव आली. भरलेले कोणते, उतरलेले कोणते ही कटकटच नको, म्हणून ‘वापरा आणि फेका’ जातीची ई-सिगारेट बाजारात आली. या नळीच्या पोटातही पुनःपुन्हा भरता येणारा लिथियम-आयन सेलच असतो. फरक इतकाच की तो भरण्यासाठी लागणारे छिद्र ठेवलेले नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील आणि ऑक्सफर्डमधील संशोधकांनी अशा फेकाऊ नळ्यांतले सेल बाहेर काढून तपासले. ते साडेचारशेहून अधिक वेळा भरता-उतरवता येतात, असे त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. म्हणजे शेकडो वेळा उपयोगी पडणारी वस्तू एकदा उतरली की मेली, असा निवाडा कारखान्यानेच आधी देऊन ठेवलेला! नोंद ठेवण्याचा प्रश्न सुटला तो नोंदच पुसून टाकल्यामुळे.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी दर आठवड्याला सुमारे ५० लाख फेकाऊ ई-सिगारेटी टाकून दिल्या जात होत्या, असा तेथील अंदाज आहे. पुढल्या वर्षी टाकाऊ बॅटऱ्यांमुळे कचऱ्याच्या गाड्यांत आणि कचरा केंद्रांवर लागलेल्या आगींची संख्या वर्षाला १२०० च्या वर गेली. त्यांतल्या सगळ्याच ई-सिगारेटच्या नव्हत्या हे खरे. पण चिरडली गेलेली ‘रिकामी’ बॅटरी किती रिकामी असते, हे त्या गाडीवरच्या कामगाराला कोणी सांगावे लागले नाही. अखेर बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून या फेकाऊ वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली.

रिकाम्या वस्तूचा हिशेब ठेवणे भांडवलदाराला जमत नाही, असे मात्र कोणी समजू नये. घरोघरच्या गॅसच्या टाकीचे उदाहरण पाहावे. भरलेली टाकी येते ती रिकामी टाकी घेऊनच जाते. प्रत्येक टाकीवर क्रमांक असतो, तिच्या पुढल्या तपासणीची मुदत रंगवलेली असते आणि ग्राहकाची अनामत रक्कम कंपनीकडे जमा असते. असे का? तर टाकी कंपनीच्या मालकीची आहे म्हणून. मोटारीची शिशाची जुनी बॅटरी देऊन नवी घेताना सूट मिळते, कारण आतल्या शिशाला भाव आहे. जेथे रिकाम्या वस्तूत मालकाचा स्वार्थ गुंतलेला असतो तेथे हिशेब चोख राहतो. ई-सिगारेटच्या एका सेलात लिथियम असते ते ग्रॅमच्या एका लहानशा अंशाएवढे. तेवढ्यासाठी कोण वही उघडणार!

स्वार्थ नसतानाही हिशेब ठेवला जातो, पण तो कायद्याने आणि संघटनेने ठेवायला लावल्यावर. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींमध्ये कामगार संघटनेचे काम केलेल्या कार्यकर्त्यांना लॅम्प रूम ठाऊक असेल. पाळी सुरू होताना प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाचा भरलेला टोपीदिवा मिळतो आणि पाळी संपल्यावर उतरलेला दिवा भरण्यासाठी परत त्याच जागी लागतो. दिव्याची जागा रिकामी राहिली तर ती केवळ वस्तूची उणीव नसते. वर न आलेल्या माणसाचा शोध तेथून सुरू होऊ शकतो. म्हणूनच दिलेल्या आणि परत आलेल्या दिव्यांची नोंद खाण नियमांनी बंधनकारक केलेली आहे. भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटऱ्यांचा हिशेब येथे माणसांचा हिशेब झालेला आहे.

आता भारतातील ई-सिगारेटकडे वळावे. सप्टेंबर २०१९ मधील वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातील कायद्याने तिचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सर्व बंद झाले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरुण पिढीला निकोटिनच्या नव्या व्यसनापासून वाचविण्याचा हेतू कोणत्याही समाजवाद्याला मान्यच होईल. (देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचे भाग असताना हा हेतू किती शुद्ध, हा प्रश्न वेगळा.) बंदीने वस्तू नाहीशी मात्र झाली नाही, चोरट्या आयातीचा माल बंदरांवर आणि गोदामांत पकडला जातोच आहे. जो पकडला जात नाही तो ओढला जातो आणि ओढून झाला की कचऱ्यात पडतो.

येथे कायद्यातील फट दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम जारी केले. बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकाने, आयातदारानेसुद्धा, वापरून झालेली बॅटरी गोळा करून तिच्या पुनर्वापराची व्यवस्था लावावी, हे त्यांचे मुख्य सूत्र. सूत्र योग्यच आहे. परंतु बंदी असलेल्या वस्तूला सरकारदरबारी उत्पादकच नसतो. कायद्याच्या दृष्टीने जी बॅटरी देशात आलीच नाही, ती उतरल्यावर कोणाच्या खात्यावर मांडायची? नियमांत उत्पादक, ग्राहक, पुनर्चक्रण करणारा, स्थानिक संस्था अशा सर्वांच्या जबाबदाऱ्या नेमून दिल्या आहेत. जिच्या हाताला ही नळी प्रथम लागते त्या कचरावेचक स्त्रीला त्या मांडणीत स्वतंत्र स्थान नाही. प्लास्टिकचे वेष्टन विकले जाईल म्हणून ती नळी उकलते किंवा दगडाने फोडते, आणि आतला सेल, जो उतरलेला आहे असे सर्वांनी धरून चाललेले असते, तिच्या हातात असतो.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. कचरा हाताळणाऱ्याला कामगार म्हणून मान्यता मिळवून देणाऱ्या या लढ्याने २०१३ साली एक अभिनव पाऊल उचलले होते. वापरलेले सॅनिटरी पॅड वेचून ते थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविण्यात आले. तुमची वस्तू, तुमची जबाबदारी, हे त्यातून जितके स्वच्छपणे सांगितले गेले तितके शंभर निवेदनांनी सांगता आले नसते. ई-सिगारेटच्या बाबतीत अडचण अशी की, पुडके पाठवायचे तर पत्ता नाही.

पण पत्ता खरोखरच नाही काय? बंदी ज्या सरकारने केली, ती अमलात आणण्याची जबाबदारी ज्या सरकारवर आहे, त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे. निनावी बॅटरीचे उत्पादकत्व सरकारने स्वतःकडे घ्यावे आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात ती स्वीकारून आणणाऱ्याला ठरावीक रक्कम द्यावी, मग आणणारा ग्राहक असो वा कचरावेचक. कायदेशीर लिथियम सेलांसाठी गॅसच्या टाकीप्रमाणे अनामत रक्कम विक्रीच्या वेळीच घेतली जावी, आणि जो सेल परत आणील त्याला ती मिळावी. पकडलेला माल नष्ट करण्याआधी त्यातले सेल प्रशिक्षित हातांनी बाहेर काढले जावेत. नाहीतर गोदामातली आग कचरा डेपोत हलविण्यापलीकडे काही साधणार नाही.

एवढ्यावर थांबण्याचे मात्र कारण नाही. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत सेलाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावणे, नळी न फोडता वेगळ्या डब्यात टाकणे, ही माहिती वस्त्यावस्त्यांतल्या कचरावेचकांपर्यंत नेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. महापालिकांच्या वर्गीकरण शेडमध्ये हातमोजे किती आहेत आणि पेटलेल्या सेलावर टाकायला वाळूची बादली तरी ठेवली आहे काय, हे पाहून येण्यास पक्षाच्या एका शाखेला एक सकाळ पुरेल.