खिशाचे माप कोणी घेतले?

हत्यार दोषी नसते, हात दोषी असतो, असे आपल्याला ऐकवले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते. जॉन ब्राउनिंगने एफएन १९१० पिस्तुलात स्प्रिंग नळीभोवतीच बसवली. पिस्तूल सडपातळ झाले, खिशात मावले. चुकून गोळी सुटू नये म्हणून तीन सुरक्षा-योजना दिल्या. म्हणजे काळजी घेतली ती बाळगणाऱ्याची, समोरच्याची नाही! १९१४ मध्ये सारायेव्होत याच मॉडेलने आर्चड्यूक फर्डिनांड आणि सोफी यांचा जीव घेतला. ३० जानेवारी १९४८ रोजी गोडसेने गांधींवर ज्यातून तीन गोळ्या झाडल्या, ते बेरेटा एम १९३४ इटलीच्या लष्करासाठी बनलेले, तरी खिशात मावणारे. दोन्ही हातांना शिक्षा झाली. पण खिशाचे माप घेऊन मृत्यू बेतणाऱ्या कारखान्यांना जाब कोण विचारणार?