रोग रेड्याला, औषध पखालीला

लॉकडाऊनचा विषय निघाला की आपल्या घराघरांतून एकच रडगाणे ऐकू येते : “त्या काळात पोरांच्या हाती फोन गेला आणि पोरे वाया गेली.” लग्नकार्यात जा, मलिद्याला जा, हेच. असे बोलणारे वडीलधारे त्याच वेळी एका हाताने स्वतःचा फोन चाळीत असतात, हे मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आज स्पष्ट लिहायचे ठरवले आहे. वाचकांनी राग मानू नये; मानायचाच तर निदान लेख पुरा वाचून मानावा.

आधी पोरांवरचा आरोप तपासू. २० मार्च २०२० रोजी या देशातील शाळा बहुतेक मुलांसाठी बंद झाल्या आणि २३ मार्चला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सर्वांना घरी बसण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडातील शाळा पुन्हा बंद झाल्या, त्या ८ मार्चला उघडल्या. या काळात स्क्रीनसमोर बसण्याचा हुकूम मुलांनी स्वतःला दिला नव्हता. वर्ग तेथे, मित्र तेथे, खेळही तेथेच. मग मुलाने बसावे कोठे?

आता मोठ्यांचे पाहू. दळणवळणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने प्रौढांचा हिशेब मांडला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये येथील प्रौढ माणूस दिवसाला सरासरी साडेतीन तासांहून थोडा कमी वेळ इंटरनेटवर घालवीत असे. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ४ तास २ मिनिटांवर गेला. हा आकडा पोरांचा नव्हे, आईबापांचा आणि आजीआजोबांचा आहे!

आणि त्या वेळात काय चालले होते? फाइव्ह-जीमुळे कोरोना होतो ही अफवा इतकी पसरली की एप्रिल २०२० मध्ये बर्मिंगहॅम, लिव्हरपूल अशा शहरांत मोबाइलचे मनोरे पेटवून देण्यात आले. त्याच महिन्याच्या ७ तारखेला व्हॉट्सॲपने, वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध घातला. ८ डिसेंबरला येथे लसीकरण सुरू झाले, तोच हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कुटुंबांच्या फोनवर संदेश फिरू लागले की लसीत गाईचा अंश आहे, डुकराचा अंश आहे. येथे देत असलेल्या लसींत तसले काहीही नव्हते. हे संदेश काय शाळकरी पोरांनी आपल्या मावशीला आणि काकांना पाठवले? ते आपल्याच वयाच्या माणसांनी, पहाटे उठून, “जनहितार्थ” म्हणून पाठवले. ज्या म्हाताऱ्या माणसाने ते वाचून लस लांबणीवर टाकली, त्याच्या जिवाशी तो खेळ होता.

यावर उत्तर ठरलेले आहे : “फोन नसता तर आपण वेडे झालो असतो.” मान्य. लोद, अश्दोद, ठाणे येथे असलेल्या आपल्या माणसांचे तोंड त्यावरच पाहायला मिळाले. कित्येकांना दफनविधीदेखील त्यावरच पाहावा लागला. त्याला कोण नावे ठेवील? त्या वर्षी ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह लागला, तेव्हा इस्राएलमध्ये उत्तर आफ्रिकी परंपरेच्या काही रब्बींनी व्हिडिओवरून सेदेर करण्यास मुभा दिली. मुख्य रब्बी मंडळाने विरोध केला. कोण बरोबर, हा वाद येथे नको. पण दोन्ही पक्षांनी एक प्रश्न विचारला होता : हे यंत्र कशासाठी आणि कोठवर? आपण तेवढा प्रश्नही विचारला नाही.

बहिणीशी अर्धा तास बोलणे आणि बोलणे संपल्यावर मध्यरात्रीपर्यंत बोटाने पडदा सरकवीत राहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्तमानपत्र शेवटच्या पानाशी संपते, पत्र सहीपाशी संपते. फोनवरची यादी संपत नाही, कारण ती संपू नये अशीच बनवली आहे. आपण जितके पाहू तितक्या जाहिराती खपतात. एरवी शाळेची घंटा, बसची वेळ, कचेरी सुटण्याची वेळ आपल्याला उठवीत असे. लॉकडाऊनने ही सारी कुंपणे एका दिवसात मोडली. रोग होता तो हा. आपण औषध काय केले? पोराच्या पाठीत धपाटा!

येथील बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने जानेवारी २०१९ मध्येच आईबापांना सल्ला दिला होता. त्यांनी तासांची मर्यादा घातली नाही. झोप मोडते का, घरातला एकत्र वेळ बुडतो का, हे पाहा म्हणाले. आणि झोपण्यापूर्वी तासभर स्क्रीन दूर ठेवा म्हणाले. यात खर्च कसला? रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात राहावेत, आणि पहिला फोन घरातल्या सर्वांत वडील माणसाने ठेवावा. जेवणाच्या टेबलावर फोन नसावा. जी गोष्ट स्वतःच्या नावाने, तोंडावर सांगण्याची तयारी नाही, ती पुढे पाठवू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला दहा चित्रे पाठवण्यापेक्षा एकदा फोन करून बोलावे. एवढे करूनही एखाद्याचे खेळणे सुटत नसेल, तर लाज न धरता डॉक्टरांकडे जावे, एन.एच.एस.ने अशा रुग्णांसाठी लंडनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्येच दवाखाना उघडला आहे.

कोकणात आपल्या पूर्वजांना गाव “शनिवार तेली” म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या दिवशी तेलाचे गिऱ्हाईक नसे काय? खुशाल असे. तरी घाणा थांबे, बैल सुटे, आणि ते पाहून पोराला शब्बाथ कळे. त्याला व्याख्यान द्यावे लागत नसे. आज आपण पोराला व्याख्यान देतो आणि आपला घाणा चालूच ठेवतो. साथ पुन्हा कधी येईल ते कोणाच्या हाती नाही. पण दारे पुन्हा बंद होण्याआधी घरचा नियम घालून ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात वडीलधाऱ्यांच्या फोनपासून झाली पाहिजे. आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कोठून?