वेगळी चूल

‘वेगळी चूल मांडली’ म्हटले की आपल्याला भांडणाचा वास येतो. परंतु वाचकहो, थोरल्या घरात सगळ्यांना पुरेल एवढे शिजत नाही, म्हणूनही चूल वेगळी मांडावी लागते. कोकण रेल्वेचे तसेच झाले.

भारतीय रेल्वेचा रूळ १९८६ साली रोह्यापर्यंत आला आणि थबकला. पुढे सह्याद्री, नद्या, खाड्या. थोरल्या घरच्या वार्षिक अंदाजपत्रकातून एवढे काम उरकायचे, तर पिढ्या गेल्या असत्या! म्हणून १९९० च्या जुलैत स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधू दंडवते अर्थमंत्री. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा बहुतांशी कर्जरोख्यांतून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. धाकट्याने नाव काढले!

पण वेगळ्या संसाराचे हिशेबही वेगळे. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते. डब्यात डुलकी घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिकिटाला मात्र लागतो. कर्ज फेडता यावे म्हणून प्रवासी भाडे आकारताना अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची मुभा या मार्गाला मिळाली. म्हणजे व्याजाचा भार थोडाथोडा गणपतीला निघालेल्या चाकरमान्याच्या खिशावरही पडला. शिवाय दुसरा रूळ टाकायचा, तर पैसा आणायचा कुठून? रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला; पुढची वाट एकेरीच राहिली.

अखेर पुन्हा एकत्र नांदण्याचा विचार निघाला. २०२५ साली महाराष्ट्रानेही विलीनीकरणाला संमती दिली. अट एवढीच, की ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे.

आम्ही भाषेची माणसे. नावाचे मोल आम्हांला कोणी सांगायला नको. तरीही वाटते, नुसत्या नावावर समाधान मानू नये. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर डोंगरउतार बांधून काढण्याचे काम जोमाने झाले. पावसाळ्यात गाड्या सावकाश हाकायच्या, रात्रंदिवस रुळांवर गस्त घालायची, ही या घरची शिस्त. कोकणचा डोंगर कसा वागतो, हे या घराने मोठी किंमत मोजून शिकून घेतले आहे.

दिवाळीला भावंडे एकत्र जेवतात, याहून गोड ते काय? थोरल्याने धाकट्याचे कर्ज जरूर उचलावे. फक्त पावसाळ्यात दरडीवर नजर कशी ठेवावी, हे मात्र धाकट्यालाच विचारावे.